प्रश्न संपायच्या आत

(अमेरिकेतलं केंटकी राज्य. कॉलेजच्या आवारात उभी मोटार. आत जोसीआत्या आणि पंधरा वर्षांची डेलिया.)

डेलिया : फोन कर ना आत्या. सरांना सांग, मला ताप आहे.

जोसीआत्या : आत्ताच नाश्त्याला ग्रेव्ही दोनदा मागून घेतलीस. तापातली माणसं बरीच पाहिलीत मी. कुणीच ग्रेव्ही मागत नव्हतं.

डेलिया : मग सांग, घसा बसलाय.

जोसीआत्या : लॅटिनच्या प्रश्नमंजुषेची राज्यस्पर्धा म्हणून पहाटेपासून गाडी हाणतेय मी. खरं काय ते सांग.

डेलिया : गेल्या वर्षी प्रश्न होता, 'नेमियाचा सिंह मारणाऱ्या वीराची आई कोण?' मी 'सिंह मारणाऱ्या' ऐकलं आणि बटण दाबलं. मी म्हणाले, हर्क्युलिस.

जोसीआत्या : आणि?

डेलिया : उत्तर चुकलं. मग पुढच्यांनी पूर्ण प्रश्न ऐकला आणि बरोबर सांगितलं. आम्ही अंतिम फेरीत हरलो. आज पुन्हा तेच होणार.

जोसीआत्या : घराणंच उतावळं. तुझ्या बापानं तुझ्या आईचं नावसुद्धा नीट ऐकलं नव्हतं, तोवर लग्नाचं विचारून बसला.

डेलिया : हसू नकोस ना.

जोसीआत्या : बरं. हा हॉर्न म्हणजे तुझं बटण. रोममधल्या सात टेकड्यांपैकी...

डेलिया : (हॉर्न वाजवत) पॅलाटाइन!

जोसीआत्या : अगं, मी अजून विचारलंय काय? ते बघ, सगळे वळून बघतायत.

डेलिया : थांबवतच नाही. थांबलं की समोरच्यांची बोटं दिसतात. ती हलण्याआधी माझंच हलतं.

जोसीआत्या : ही कोण येतेय, जुन्या रोमन लोकांसारखी चादर गुंडाळून?

डेलिया : विनी. आमच्याच संघातली. तिचं हे शेवटचं वर्ष. आत्या, काच खाली करू नकोस.

जोसीआत्या : केली. ये गं पोरी. ही म्हणते तिला ताप आहे.

विनी : खरंच? डेलिया, असं नको करूस. तू नसलीस तर कोण दाबणार?

डेलिया : तू दाब. तुला सगळं येतं.

विनी : येतं. गेल्या वर्षीचंही येत होतं. हर्क्युलिसची आई, अल्कमेनी.

डेलिया : मग बोलली का नाहीस?

विनी : प्रश्न पूर्ण झाला असता तरी माझा हात उठला नसता. आजवर एकदाही उठला नाही. तू शेजारी असलीस की कुणाच्या ते लक्षात येत नाही.

जोसीआत्या : म्हणजे एक थांबत नाही नि दुसरी हलत नाही. तुमच्या सरांनी जोडी बरी निवडली.

विनी : आत्या, हिला पाठवा ना. मी एकटी आत जाऊन बसले होते. बसवेना, म्हणून बाहेर आले.

डेलिया : मी पुन्हा चुकले तर?

विनी : तर चुकशील. पण मी एकटी नसेन.

जोसीआत्या : फोन करू?

डेलिया : ...नको. चल, विनी.

विनी : चल.

डेलिया : अगं, सावकाश चाल ना. माझे पाय कापतायत.

विनी : माझेही. म्हणून तर भरभर चालतेय.