झीलकऱ्यानं देव पाण्यात नेला

न्हाई, पर तुमीच सांगा, झीलकऱ्यानं कवा म्होरं व्हायचं असतंय व्हय? झीलकऱ्याचं काम काय? म्होरक्यानं ओवी म्हणायची, ओवीचं शेपूट त्येनं टाकलं की आपुन ते उचलायचं, कानावर हात ठिवायचा, आन् असं लांबवायचं, असं लांबवायचं, की तवर म्होरक्याला दम घेता यावा आन् म्होरची वळ सुचावी. संपलं काम! डोकं लागत न्हाई, गळा लागतो. आन् गळा म्हणाल तर, तुमास्नी सांगतो, सवताचं कवतिक म्हणून न्हाई, पर ह्या सावळ्यानं धरणाच्या ह्या काठाला झील वडली की पल्याडच्या काठाची मेंढरं चरायची थांबून मान वर करत्यात! खोटं वाटत असंल तर मेंढरांस्नी इचारा. पर म्होरं कुणी म्हणाय नको? म्होरं कुणी म्हणल्याबिगर मी काय कपाळ वडू?

म्होरक्या म्हंजी आमचा म्हसूदा. माझा चुलतभाऊ, मोठा. ओवी रचावी तर त्येनंच! मेंढी व्याली, रचली ओवी. बायजावैनीनं भाकरी करपवली, रचली ओवी. त्या ओवीपायी उपाशी निजला बिचारा, पर ओवी काय झकास झाली! दसऱ्याला आमच्या बिरोबाच्या देवळाम्होरं ढोल घुमतो, आन् पयली ओवी, म्हंजी सुंबरान मांडायचा मान, आमच्या वाडीचा. बापजाद्यापास्नं. आन् ह्यो बाबा, दसरा तोंडावर आला, आन् गप! वाडीच्या वरच्या अंगाला दगड हाय, त्यावर बसतोय, डोंगराकडं बघतोय. म्या इचारलं, "दादा, काय रं?" म्हणतो, "काई न्हाई." म्हणलं, "सुचंना व्हय?" म्हणतो, "सुचतंय की." "मंग?" तर म्हणतो, "नको वाटतंय."

नको वाटतंय! घ्या! आता पाय मोडला तर फळी बांधावी, ताप आला तर काढा पाजावा, 'नको वाटतंय' ह्याला कुटला झाडपाला चोळू?

तरी वाडी काय गप बसती व्हय? कोंडिबा पुजारी आला, तोंडात दात न्हाईत पर सल्ला तयार. "घशा बशला अशंल... मिरी चावाय द्या." अहो घसा खणखणीत हाय! कुत्र्याला 'हाड' म्हणला तर शेजारच्या वाडीचं कुत्रं उठून जातंय! पर मिरी चाववली. मंग बायजावैनी. "भावजी, नजर लागली वो ह्यास्नी, त्या नेऱ्याच्या भिकूची! सुंबरानाचा मान पायजे त्येला!" मिरच्या उतरवल्या, चुलीत टाकल्या, आन् धूर असा कोंदला की समदी वाडी खोकली, एक म्हसूदा सोडून. तर वैनी म्हणती, "बगा, ठसका बी न्हाई त्यास्नी! किती कडक नजर!" मंग तिनं देव्हाऱ्यातला टाक उचलला आन् देव पाण्यात घातला. देव पाण्यात, नवरा दगडावर, आन् मी मधल्यामधी गळा घिऊन फिरतोय. म्होरं कुणी म्हणल्याबिगर मी काय कपाळ वडू?

म्हणलं, ह्यांच्या उपायात काय जीव न्हाई, आता माझा उपाय. त्येला उठवला, मेंढरांमागं घिऊन गेलो, पार धरणाच्या काठाला. म्हणलं पाणी बगंल, वारं लागंल, मन हाललं तर हाललं. काठाला बसला. पाण्यात खडा टाकला आन् बोलला. "सावळ्या, म्हणायच्या आदीच मला ठावं असतंय म्होरं काय येणार. देव निघणार, डोंगर चढणार, दैत्य आडवा येणार, देव त्येला हाणणार. माझंच मला नवाल वाटंना. मंग म्हणू कशाला?"

म्हणलं, "लोकांसाठी म्हण!"

"लोकांस्नी बी ठावं हाय."

"मंग माझ्यासाठी म्हण!"

तर हसला. लई वंगाळ हसला. आन् तवा माझ्या ध्यानात आलं, खरं सांगतो. म्हणलं, ह्यो गप झाला तर मी बी गप झालो की! येवढा गळा देवानं दिला, पर त्यात माझी सवताची एक वळ न्हाई. जलमभर दुसऱ्याची शेपटं उचलली! त्या दिशी मी मेंढरं मोजायची सुदिक इसरलो. घरी आल्यावर आमची कारभारीण बयाबाई म्हणाली, "एक कोकरू जास्ती दिसतंय." आता कुणाचं आणलं देव जाणे, त्ये जाऊ द्या.

तर दसरा! ढोल लागला. गुलाल काय, भंडारा काय, रुमाल काय उडाय लागलं! आन् म्होरं कोण? नेऱ्याचा भिकू! तांबडा पटका, मिशीला तेल, पाठीमागं आठ-धा झीलकरी. एकाला इतकं झीलकरी कशाला लागत्यात? ज्येच्या ओवीत दम न्हाई त्येलाच मागनं ढकलाय माणसं लागत्यात! पर आला, छाती काढून उभा ऱ्हायला, आन् असा गोड आवाज काढून म्हणतो, "म्हसूदा बसल्यालंच दिसत्यात... आमी मांडू का सुंबरान? आमची काय हरकत न्हाई." हरकत न्हाई म्हणं! दुसऱ्याच्या ताटात बसायला कुणाची हरकत असती व्हय?

कोंडिबा म्हणाला, "ढोल खाली ठिवायच्या आत म्हणा शुंबरान, न्हाईतर मान गेला नेऱ्याला." समदी म्हसूदाकडं बघाय लागली. त्येनं मान खाली घातली. बायजावैनीनं पदर तोंडावर घेतला. आन् मला काय झालं इचारू नगा... माझा हात आपोआप कानावर गेला, आन् मी... मी झीलकरी... सुंबरान मांडलं!

मांडलं खरं, पर म्होरं काय? तुमच्या ध्यानात येतंय का घोळ? मला समद्या ओव्यांची शेपटं पाठ! सुरवात एक बी न्हाई! 'देव निघाला' म्हणलं. बरं, निघाला. मेंढरं घेतली. बरं, घेतली. आता न्यायचा कुटं? देवाची खरी वाट म्हसूदाच्या पोटात. मी आपली माझी वाट धरली, रोजची, मेंढरं न्यायची! देवाला टेकाड उतरवलं, करवंदीच्या जाळीला वळसा घालवला, आन् म्होरं बगतोय तर काय... धरण! पाणीच पाणी! अहो, देवाच्या काळात कुटलं आलंय धरण? ते आमच्या बापाच्या देखत बांधलं! पर आता बोलून बसलो. देव काठाला उभा, मागं मेंढरं, म्होरं पाणी.

आन् थांबून इचार करावा तर माझ्यामागं झील कोण वडणार? झीलकरी तर मीच! मंग मीच म्हणतोय, मीच लांबवतोय, कुत्रं आपल्याच शेपटामागं फिरावं तशी गत! भिकू मिशीत हसून म्हणतो, "सावळ्या, देवाला पवाय येतं का रं?" समदा बाजार हसला. उठून पळावं तर ते बी जमंना. आमच्यात रीत हाय, ओवीतला देव वाटंवर उभा ठिवून गाणाऱ्यानं उठायचं न्हाई. ठाण्यावर पोचवल्याबिगर पाण्याचा घोट सुदिक न्हाई. म्हणलं, मेलो! म्हणून 'पाणीऽऽऽ' धरलं आन् लांबवत ऱ्हायलो, डोळं भाईर आलं पर सूर सोडला न्हाई. गळा हाय माझा, सांगितलं न्हवं?

आन् म्हसूदा उठला! ताडदिशी! "आरं सावळ्या, देव बुडीवतूस काय माझा?" वराडला माझ्यावर, पर मी त्येचं डोळं बघितलं. पोरासारखं लकाकत हुतं. का? कारण ह्या टायमाला म्होरं काय येणार त्ये त्येला ठावं न्हवतं! कुणालाच न्हवतं!

कानावर हात ठिवला आन् सुटला. देवानं काठी टेकली, पाण्याला इचारलं, माझी वाट कुटाय? आन् पाणी म्हणालं, देवा, वाट माझ्या पोटात हाय. गिळली म्या, पर मोडली न्हाई. चाल तू. आन् देव मेंढरं घिऊन आत उतरला, तर खाली समदी गावं जागच्या जागी, वड हाय, पार हाय, बाया पाणी भरत्यात... कोंडिबाचं जलमगाव त्याच पाण्याखाली. म्हातारा मटकन खाली बसला आन् रडाय लागला. भिकूनं पटका काढून हातात धरला. आन् म्हसूदानं ओवीचं शेपूट माझ्याकडं टाकलं, आन् मी ते असं उचललं, असं उचललं... तुमास्नी काय सांगू! म्होरं म्हणणारा असला की सावळ्या कुणाला ऐकतो व्हय?

मान ऱ्हायला. वैनीनं देव पाण्यातनं काढला. समदं ग्वाड झालं, म्हणाल तुमी. ग्वाड कुटलं! तवाधरनं म्हसूदाचं एकच. "सावळ्या, आदी तू हो म्होरं. आन् चूक!" चूक म्हणं! चूक काय दुभती शेळी हाय, पिळली की आली? तरी केल्या. एका जत्रंला देव यष्टीत बसवला. एकदा पिरंगुटला वाट चुकवली. म्हसूदानं त्यातनं अशा ओव्या काढल्या की भिकू ऐकाय चालत येतो! पर आता मला म्होरं व्हायची सवय झाली, आन् परवा तोंड उघाडलं तर काय... समदी ओवी बराबर! वाट बराबर, डोंगर बराबर, दैत्य जागच्या जागी! म्हसूदा काय खवळला, "लाज वाटती का? एक बी चूक न्हाई!"

आता दसरा आलाय तोंडावर, आन् त्या दगडावर मी बसलोय. म्हसूदा येतो, म्हणतो, "काय रं, चूक सुचंना व्हय?"

म्हणलं, "सुचती की. पर नको वाटतंय."

कालपास्नं मिरी चावतोय.