बोटभर हिरवी वायर

—नाही, लावा ना हात. आता का मागे घेतला? आत्ताच म्हणालात ना, बायका उगाच बाऊ करतात, थोडी झिणझिण कुठल्याही मशीनला येते — मग काढा चप्पल, टेकवा पाय फरशीवर आणि लावा त्या वॉशिंग मशीनच्या पत्र्याला हात. नाही लावत? बरोबर आहे, मीही लावला नसता. घाबरू नका, करंट बंद आहे, मेन फ्यूज काढून खिशात ठेवलाय मी, हा बघा. आणि तो खिशातच राहणार. तुम्ही घरमालक असाल, तिन्ही मजल्यांचे असाल, पण फ्यूज माझ्याकडे आहे. तुम्हाला वाटलं असेल, वायरमनच तर आहे, तेवढं चालू करून दे म्हटलं की देईल आणि जाईल आपल्या वाटेनं. नाही जात.

दोन महिने तुमच्या भाडेकरूंची ती पोरगी सांगत होती. सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडलेत, पण बोलते स्पष्ट — आई, मशीन चावतं. आई हसली, बाप हसला. मशीन काय कुत्रं आहे चावायला? का हसले माहितीये? कारण दोघांच्या पायांत रबरी चपला. घरभर अनवाणी हिंडणारी ती एकटी. मोठ्यांना काही कळलंच नाही, कळलं ते तिला, आणि तिचं कोण ऐकणार? तिच्या आईनं तुम्हाला फोन केला होता — केला होता, नाही म्हणू नका, मला तारीख सांगितलीय तिनं — मशीन सुरू झालं की दिवे थरथरतात म्हणून. तुम्ही काय म्हणालात? बल्ब बदला. आणि पोरीला चप्पल घालायला शिकवा. वा. धन्य आहे तुमची.

काल सकाळी आंघोळ करून ओल्या पायांनी आली, मशीन फिरता फिरता थांबलं होतं, मळके मोजे त्याच्यावर ठेवायला गेली आणि चिकटली. ओरडली नाही. माणूस ओरडत नसतो तेव्हा, जबडा आवळतो, आवाजच फुटत नाही. आई इथे ओट्यापाशी, पाठमोरी. वळून बघितलं तर तिला वाटलं, खेळतेय. खेळतेय — विचार करा, आईला वाटलं पोरगी खेळतेय. मग ते प्लास्टिकचं स्टूल उचलून तिनं पोरीला ढकललं, नशीब लोखंडी नव्हतं. दोन बोटं भाजलीत. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, छातीचे ठोके बघायला. दुपारी घरी आणताहेत. आणि तुम्ही मला सांगताय, भाडेकरू यायच्या आत चालू करून ठेव, म्हणजे विषय संपला.

विषय इथे आहे, या सॉकेटात. या इकडे, वाका जरा. वरचं मोठं भोक दिसतंय? ते अर्थचं. तिथून निघालेली हिरवी वायर भिंतीतून खाली जमिनीपर्यंत जायला पाहिजे, म्हणजे पत्र्यावर करंट उतरला तर माणसाला सोडून जमिनीत जातो. आता ही बघा, किती लांब आहे? बोटभर. वरच्या स्क्रूपासून निघाली आणि शेजारच्या न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या, स्क्रूत घुसली. संपला प्रवास. अर्थ नाहीच, नुसतं सोंग. आणि वर बोर्डात न्यूट्रलचाच स्क्रू ढिला झाला — म्हणून दिवे थरथरत होते, साहेब, बल्ब बिचारे चांगलेच होते — काल तो पुरता सुटला. मशीनमध्ये गेलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही. मग तो या बोटभर वायरीवरून सरळ पत्र्यावर आला. म्हणजे जी वायर वाचवायला असते तिनंच पोरीला धरलं. कुठल्या गाढवानं केलं हे? हात तोडायला पाहिजेत त्याचे. अडाणी माणूस चुकला तर मी समजू शकतो, पण हे अडाण्याचं काम नाही, हे ज्याला सगळं कळतं त्याचं काम आहे. टेप बघा कशी गुंडाळलीय, एक सुरकुती नाही, आणि शेवटचं टोक दुमडून ठेवलंय, पुढे सोडवायला सोपं जावं म्हणून. पुढे. म्हणजे परत यायचं मनात होतं त्याच्या. तात्पुरतं करू, पुढच्या आठवड्यात खालून खरी वायर ओढू — असं म्हणून गेला आणि अकरा वर्षं फिरकला नाही. सगळं त्या मास्तरांच्या टेस्टरपायी. त्याचे तीन दिवे लागले की झालं, तुम्ही खूश, मास्तर खूश, मग आत काय दडवलंय ते कोण बघतो—

काय?

मला कसं माहीत, होय.

मास्तर तुमचे पहिले भाडेकरू ना. रिटायर झालेले, काटेकोर. सॉकेटात खुपसून अर्थ आहे की नाही ते बघायचा टेस्टर घेऊन आले होते घर बघायला, त्याचे तीन दिवे बरोबर लागल्याशिवाय राहायला येणार नाही म्हणाले. तुम्ही बाहेर जिन्यात वायरमनला म्हणालात, दिवे लागले पाहिजेत, बाकी मला काही सांगू नकोस. तेव्हा मला मिशा होत्या. केसही होते. तुम्ही नाही ओळखलंत, पण मी आज जिना चढतानाच ओळखलं, दुसऱ्या वळणावरची तुटकी पायरी तशीच आहे. वर येईपर्यंत म्हणत होतो, दुसऱ्या कोणी बदललं असेल, अकरा वर्षांत कोणीतरी बदललंच असेल. मग सॉकेट उघडलं आणि दुमडलेलं टोक दिसलं. माझ्या मामानं शिकवलंय ते मला. या भागात दुसरं कोणी तसं दुमडत नाही.

तसं हसू नका. मी केलं म्हणून तुम्ही सुटलात असं वाटतंय? तुम्ही सांगितलंत, मी केलं, आणि दोघंही जेवायला घरी गेलो. मी तर चवीनं जेवलो असेन त्या दिवशी. आता सकाळपासून आठवतोय, असं तात्पुरतं अजून कुठे कुठे करून ठेवलंय. चार घरं आठवली. पाचव्याचा रस्ता आठवतो, दार आठवत नाही. तिथेही कोणाचं तरी पोर अनवाणी हिंडत असेल, मला लाज वाटते हो, तुम्हाला कशी वाटत नाही?

ऐका आता. खाली मीटरच्या खोलीत खरी अर्थ आहे, मी तपासली. तिथून हिरवी वायर वर येणार, तुमच्या रंगवलेल्या भिंतीवरून येणार, दिसणार, दिसू दे. न्यूट्रल नवा. आणि बोर्डात तो स्विच बसणार, करंट जरा कुठे गळला की आपोआप पडणारा. आतल्या खोलीचं सॉकेटही उघडणार, तिथेही मीच होतो. हे सगळं होईस्तोवर फ्यूज खिशात. दुसरा वायरमन आणायचा तर आणा, त्याला हे दाखवूनच जाईन मी.

तिच्या आईला कोण सांगणार? मीच. तुमचं नावही सांगणार. आणि दुपारी पोरगी आली की आधी मी चप्पल काढीन, पाय ओले करीन आणि तिच्यासमोर दोन्ही हात या चालू मशीनवर ठेवीन. मग सांगेन तिला, तू खरं बोलत होतीस बाळा, चावतच होतं ते. विचारेलच ती, कोणी केलं. सहा वर्षांचं पोर आहे, विचारल्याशिवाय राहणार नाही.

तुम्ही निघा आता. दार लावू नका, वायर आत घ्यायचीय.