भिंतीवरच्या दोन ओळी

— नाही हो, पासवर्ड नाही माझ्याकडे. म्हणजे होता कधीतरी, पण हे मेसेजचं अ‍ॅप विचारतच नाही ना, म्हणून तर ठेवलं होतं – लॅपटॉप उघडला की तेही आपोआप उघडतं. असे इकडे सरका, चटईवर ऊन येतंय. पाळकसाहेबांनी निरोप धाडला, ते काढून टाकल्याशिवाय लॅपटॉप चर्चमध्ये आणायचा नाही. आणि गाणी तर सगळी याच्यातच. रविवारी मी मागच्या बाकावर बसायची, एकेक कडवं पुढे सरकवायची, समोर पांढऱ्या भिंतीवर ही मोठी अक्षरं – अख्खं गाव त्यात बघून गायचं. तुम्ही सालेलोलोगाच्या बाजारातून लॅपटॉप बघायला आलात, म्हणजे ऐकलंच असेल. साऱ्या सवाई बेटाने ऐकलंय.

नाही ऐकलं? बरं झालं. तर तिसरं कडवं चालू होतं, आणि भिंतीच्या कोपऱ्यात एक चौकट आली. आमच्या एनोसाचा फोटो, शेजारी दोन ओळी. ‘आई, मळ्यावरून पळून आलो. बाबांना इतक्यात सांगू नकोस. तू’ – एवढंच. पुढचं कापलेलं. दुसऱ्या क्षणी गेलीसुद्धा ती, पण भिंत केवढी, आणि त्याचे बाबा बसलेले पहिल्या रांगेत. गाणं कोणी थांबवलं नाही हं, शेवटपर्यंत गायले सगळे. मीही पुढचं कडवं सरकवलं. हाताला सवय असते.

एनोसा म्हणजे माझा मुलगा, ऑस्ट्रेलियात कलिंगडाच्या मळ्यावर गेलेला. पंचांनी नाव दिल्याशिवाय जाता येतं का कोणाला – आणि आमचे हे पंचांतले. एक पळाला की तिकडचे गावाचंच नाव खोडतात, तुम्हाला मी काय सांगायचं. पुढच्या खेपेला जाणारी पोरं घरी बसली. त्यांच्या आया येतात, टारोचे कंद ठेवून जातात, म्हणतात, पोटच्या पोरानेच तुझ्या तोंडाला काळं फासलं गं, तुला बिचारीला काय माहीत. मी हो म्हणते. टारो ठेवून घेते.

दंड यांनी स्वतःच मागून घेतला. डुकरं दिली, डबाबंद मासळीची खोकी दिली, आणि सभेत उभं राहून सांगितलं, त्याचं नाव यापुढे माझ्या घरात कोणी घेणार नाही. मी मागे कोको ढवळत होते. आपल्या घरांना भिंती कुठे असतात, सगळं ऐकू येतं. तेव्हा रडू यायला हवं होतं, नाही का? कोको तळाला लागला, तेवढं कळलं. अजूनही तसंच आहे, काही वाटत नाही, नुसती कामं होत राहतात.

काय म्हणालात – ब्राउझरमध्ये उघडलं असतं तर हे झालं नसतं? पान बंद केलं, बाहेर पडलं, संपलं. आणि हे अ‍ॅप आत मुक्काम ठोकून बसतं, आपण गाणी लावू नाहीतर प्रार्थना, त्याचं आपलं चालूच. कळलं हो. पण आधी मी तसंच करायची, वेबसाइटवरच जायची. ती दर वेळी कोड मागायची, कोड यायचा फोनवर, आणि घरात फोन एकच – यांच्या खिशात. मग हे विचारणार, कोणाशी बोलतेस, एवढं काय असतं बोलायला. अ‍ॅपने एकदाच कोड मागितला, नंतर कधी नाही. यांच्यापासून आडोसा म्हणून घेतलं मी ते, आणि – असो.

तसं लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याची कंबर, बस. कलिंगडं उचलून उचलून कामातून गेलेली, गोळ्या खाऊन उभा राहायचा. खुर्चीतून उठताना त्याचा चेहरा कसा व्हायचा, ते याच पडद्यावर बघितलंय मी. यांना सांगितलं, तर म्हणाले, सगळ्यांचीच दुखते, गावाचं नाव आहे. मग कोणीतरी सांगणारच ना त्याला, की निघ तिथून – म्हणजे मित्र असतील तिथले, ते सांगतात.

उघडू नका हं ते. न उघडताच काढा. तसं नाही होत? आधी आत जाऊन लॉगआउट करायचं, नाहीतर जुनं सगळं मशीनमध्येच राहतं… बरं. करा मग. मी तिकडे बघते.

वाजलं. परत वाजलं. त्या रविवारपासून उघडलाच नव्हता, साठले असतील त्याचे. का हो, थांबलात का?

वाचलंत वाटतं. ‘तू’च्या पुढचं. ‘तू सांगितलंस तसंच केलं.’ भिंतीवर तेवढं आलं नाही. आलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करायला बसते मी, पण होत नाही.

नवे वाचून दाखवू नका. कंबरेचं काही लिहिलंय का, तेवढंच बघा – नाही, राहू द्या. काढा. वेबसाइटवर असतील सगळे, मला ठाऊक आहे. कोड यांच्या फोनवर.

ते बघा, हे मळ्यातून येताहेत. दाबा. दाबलंत? – गेलं ना. विचारलं यांनी, तर सांगा, गाणी सगळी जागच्या जागी आहेत. उठा आता, बस चुकेल तुमची.