एत्तोरे आजोबांचा निरोप

भाषांवर प्रेम आहे म्हणे! समोरच्या माणसाला तोंड उघडू द्यायचं नाही, आणि म्हणे भाषांवर प्रेम! ...नाही, नाव नाही घेणार मी कुणाचं. लाज वाटते हो, तुम्हाला सांगते...

म्हणजे बघा, मी रॉटरडॅमला भाषाशास्त्र शिकते, वरच्या मजल्यावर एत्तोरे आजोबा, मूळचे इटलीचे, उभा जन्म इथल्या बंदरात काढलेला, गुडघे पार गेलेले, आणि आमच्या बिल्डिंगचा जिना म्हणजे जिना नव्हेच, शिडी! तरी परवा सकाळी उतरून माझ्या दारात उभे, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चिठ्ठी. डचमध्ये म्हणाले, "विशाखा, लेकीकडे निघालो, कायमचा. सालुतारे करायला आलोय." म्हणजे त्यांच्या इटालियनमध्ये निरोप घ्यायला! आता माणसानं काय करावं? आत या म्हणावं, चहा टाकावा... मी काय केलं? "आहाहा, काय क्रियापद वापरलंत!"

सुटलेच की मी! म्हटलं, आजोबा, हे लॅटिनमधून आलंय, मुळाशी 'सालुस', म्हणजे तब्येत, खुशाली! भेटलं की सालुतारे, निघालं की सालुतारे, सैनिकानं ठोकलेला सलामसुद्धा सालुतारेच, म्हणजे येताजाता आपण एकमेकांच्या तब्येतीचं भलं चिंततो, आणि हे कुणाला माहीतच नाही, काय हे!... आजोबांनी चिठ्ठीत पाहिलं, तोंड उघडलं. "थांबा, रोमन राहिले!" रोमन काळात गरीब माणसं पहाटेच बड्यांच्या दारात मुजऱ्याला जायची, तेही सालुतारे, आणि हे बडे त्यांना खुशाल ताटकळत ठेवायचे, केवढा अन्याय!... असं मी आवाज चढवून सांगत कुणाला होते? दारात वीस मिनिटं ताटकळलेल्या म्हाताऱ्याला! लाज वाटते हो...

त्यांनी पुन्हा चिठ्ठी पाहिली, पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मी, "एकच मिनिट!" शेवटी खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. आजोबा हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, चिठ्ठी खिशात घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. बॅगसुद्धा धरली नाही हो मी! तब्येतीचं भलं चिंतत होते ना!

संध्याकाळी माझी रूममेट श्रुती ऑफिसातून आली, सायकलची किल्ली हातातच, आणि दारातूनच म्हणते कशी, "अगं, आजोबा येऊन गेले ना? आठवडाभर माझ्याकडून मराठीत निरोप घ्यायला शिकत होते, चिठ्ठीवर लिहूनसुद्धा घेतलं. मी बजावलं होतं, आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. नीट म्हणाले का गं?"