थोरला डबा, धाकटा डबा

नाही, मला एक सांगा, ज्या घरात इंटरनेट आहे त्या घरच्या सुनेनं इंटरनेटसाठी शेजारणीच्या स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीशेजारी स्टुलावर येऊन बसायचं, ही कुठली तऱ्हा? म्हणजे मला त्रास नाही हो! पोरगी गुणाची. मांडीवर लॅपटॉप, मान खाली, आणि मध्येच हात मोकळा झाला की माझे मटार सोलून द्यायची. पण तुम्हाला सांगते, त्यांचा तो नेटचा डबा त्यांच्या पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीची भिंत म्हणजे माझ्या ओट्याची भिंत. म्हणजे पैसे भरणार ते, आणि नेट कुणाला? माझ्या कुकरला! पुढच्या खोलीत सासूबाईंचं तोंड दिवसभर चालू, आणि तिच्या मागच्या खोलीत मेलं एक चित्र उघडायचं तर चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. आता हे मी त्यांना सांगायला गेले का? मला काय करायचंय? मी आपली गप्प.

तर एक दिवस ही स्टुलावरून म्हणते, "काकू, गुरुवारी सकाळी माझी मुलाखत आहे. लॅपटॉपवरच. इथं बसले तर चालेल?"

घरांचे नकाशे काढते ती. बाळ झालं तेव्हा काम सुटलं, ते सुटलंच. आता बाळ शाळेत जायला लागलं, तर हिनं कुठंकुठं अर्ज केले, आणि एवढ्या अर्जांतून हे एकच बोलावणं आलं. घरी बसून करायचं काम! सांगताना आवाज असा बारीक झाला होता तिचा, की मी लगेच म्हटलं, "बस की गं, विचारतेस काय!" म्हटलं खरं, आणि मग मान वर करून बघितलं. तिच्या पाठीमागं साहेबांना काय दिसणार? माझ्या बरण्या, वाळत घातलेलं फडकं, आणि पाणी प्यायला बनियनवर आलेले आमचे हे! असल्या देखाव्यासमोर कोण नोकरी देईल?

तशीच उठले. मला काय करायचंय, मी आपली गप्पच बसणार होते... फक्त तिच्या नवऱ्याला जिन्यात गाठून एवढंच म्हटलं, की बाबा रे, मागच्या खोलीत दुसरा डबा बसव, राउटर का काय म्हणतात तो, नाहीतर बायकोची मुलाखत माझ्या फोडणीत जाईल.

आणला त्यानं. आणला आणि म्हणतो कसा, "काकू, काही नसतं त्यात. ही वायर या डब्यातून त्या डब्यात. झालं!" पुढच्या खोलीतून मागच्या खोलीपर्यंत वायर गेली, दाराच्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेकडेनं. आणि अक्का, म्हणजे त्याची आई, कमरेवर हात ठेवून वायरीमागून चाललेल्या. "माझ्या घरात इतकी वर्षं एका डब्यानं भागलं. आता खोलीखोलीला डबे लावा! आणि ही वायर पायात येऊन मी पडले म्हणजे?" अहो, वायर डोक्यावरून गेलीय! पण मी काही बोलले का? "अक्का, तुम्ही पडायला वर चढणार का?" एवढंच म्हटलं.

आणि लागला बरं का दुसरा डबा! हिरवे दिवे लुकलुक लुकलुक. आम्ही सगळे मोबाइल घेऊन उभे, जणू आता काहीतरी वर्षाव होणार... आणि झालं काय? आधी मागच्या खोलीत नव्हतं, आता पुढच्याही खोलीत नाही! मोबाइल म्हणतो जोडलंय, आणि जोडून देतो काय, तर काही नाही. अक्कांच्या चिरंजीवांनी डबा बंद केला, चालू केला, उलटा धरला, वर ठेवला, खाली ठेवला. शेवटी म्हणतात, "पीसच खराब दिसतोय." बुधवार संध्याकाळ झालेली! आणि ती पोर मला म्हणते, "काकू, उद्या तेवढी बरण्यांवर चादर टाकाल?"

तशीच घरी आले, कपाट उघडलं.

चादर काढून ठेवली मी. पण ती बसली असेल होय स्वस्थ? नवरा भाजी आणायला गेला तशी हिनं डब्याबरोबरचं ते बारीक अक्षरातलं पुस्तक वाचलं, लॅपटॉप वायरीनं नव्या डब्याला जोडला आणि टकटक सुरू. मी शेजारीच होते, सहज. अक्का पलीकडून, "काय चाललंय तिचं?"

ती म्हणाली, "आई, घरातल्या प्रत्येक मोबाइलला एक नंबर लागतो. तो डबा वाटतो. आता दोन्ही डबे वाटतायत, दोघांनाही वाटतं घर आपलंच. शिवाय दोघांचा स्वतःचा नंबरही एकच! मग मोबाइलनं ऐकायचं कुणाचं?"

अक्का अशा ताठ झाल्या! "मग! मी रोज दुसरं काय सांगते? घरात वाटणारं माणूस एकच असावं!"

मी सुनेकडं बघितलं, सून माझ्याकडं. मला काय करायचंय? गप्प.

ती हसून म्हणाली, "तेच करतेय आई. जुन्यानं वाटायचं, नव्यानं नुसतं मागच्या खोलीपर्यंत पोचवायचं. नव्याचं वाटप बंद, आणि त्याचा नंबर वेगळा." टकटक टकटक... आणि मागच्या खोलीत माझ्या मोबाइलवर भाचीचा नाच चालू झाला, एकदाही न अडकता! अक्कांनी तिथंच बारसं केलं. जुना तो थोरला, नवा तो धाकटा. आणि थोरल्याची सगळी जबाबदारी आपल्याकडं घेतली.

इथंच घात होता, माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी पोरगी मागच्या खोलीत, दार लावून. नवरा कामावर. पुढच्या खोलीत मी आणि अक्का. आतून तिचा आवाज येतोय, स्वच्छ, ठाम, जिने कुठं, खिडक्या कुठं... आणि अक्कांनी मायेनं थोरल्यावर हात ठेवला.

"अगं बाई! वहिनी, केवढा तापलाय हा! थोडा वेळ बंद करते, विश्रांती मिळेल त्याला."

बोट बटणावर! मला ओरडता येईना, आत साहेब ऐकतायत! मी झेप घेतली, त्यांचं मनगट धरलं, कानात म्हटलं, "अक्का, हा निजला तर धाकटाही उपाशी!" आणि टेबलावरचं वर्तमानपत्र घडी करून त्यांच्या हातात दिलं. तुम्हाला खोटं वाटेल, त्या बाईनं मुलाखत संपेपर्यंत डब्याला वारा घातला! हात बदलून बदलून, न बोलता! आणि मी? आयुष्यात पहिल्यांदा, अगदी खरीखुरी गप्प.

दार उघडलं. डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा उजळलेला! "सोमवारपासून या म्हणाले... म्हणजे, इथूनच!" अक्का वर्तमानपत्र हलवतच म्हणाल्या, "मिळणारच. दमलो आम्ही दोघं इकडं."

आता मागच्या खोलीत तिची घरं उभी राहतायत, एकेक भिंत काढून दाखवते मला, आणि प्रत्येक घरात मागची खोली पुढच्याइतकीच ऐसपैस! बरं वाटतं हो. फक्त स्टूल रिकामं झालं म्हणून मी थोडी हळहळले... तर दुसऱ्याच दिवशी अक्का हजर! "वहिनी, ती कामात असते, घरात बोलायची सोय नाही." बसल्या स्टुलावर. तेव्हापासून रोज. मी तोंड उघडलं की हात वर करतात, "थांबा, माझं होऊ दे." त्यांचं काही होत नाही, आणि मी आपली गप्प.

मटारसुद्धा मीच सोलते.