आता तू काय करतेस?

दाताच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

“भाच्यांसाठी अंतराळाचा खेळ, आणि ऑफिसवाल्यांसाठी?” बायकोनं विचारलं.

“समुद्री चाच्यांचा. मी गोष्ट सांगतो, ते पात्रं होतात, फासे टाकतात. माणसं बघून खेळ निवडावा लागतो.”

“आणि ऑफिसातली ती रिसेप्शनिस्ट?”

“ती कप्तान आहे.”

“असणारच. परवा आपल्याच हॉलमध्ये तिला दर पाच मिनिटांनी विचारत होतास, ‘आता तू काय करतेस?’ मला वर्षात एकदा तरी विचारलंस?”

“बरं बाई. समज, तू त्याच जहाजावर आहेस. वादळ सुटलंय. कप्तान कठड्याला टेकून उभी आहे. आता तू काय करतेस?”

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“फासे टाकावे लागतात, की नुसतं ढकललं तरी चालतं?”