सालकिन नाव घेत नाही

सालकिन : अरे एर्मेक, बटण दाबून काय होणार! कॉम्प्युटर किती वेळा बंद करून चालू केला. तेच आपलं. काळा पडदा, वर पांढरी बारीक अक्षरं, आणि मग सगळं ठप्प.

एर्मेक : म्हणजे नेहमीचं चित्र येतच नाही, आई? आजोबा घोड्यावर बसलेत ते?

सालकिन : ते आलं असतं तर तुला फोन कशाला केला असता? रोज त्या घोड्यावर टिचकी मारते, पासवर्ड टाकते नि आत जाते. आज घोडाही नाही नि घोडेस्वारही नाही.

मामंजी : घोडेस्वार इथे बसलाय.

एर्मेक : आजोबा! सलाम! तब्येत कशी आहे?

मामंजी : सलाम-बिलाम नंतर. पोरगी दाखव.

एर्मेक : दाखवायलाच बसलोय हो सगळे. मुल्ला आलेत, माझ्या बायकोचे, बेगायिमचे, आई-वडील आलेत, जेवण मांडलंय. पण मुल्लांना पुढे दुसऱ्या घरी जायचंय. ते म्हणतात, तासाभरात तुमचे आजोबा नाही दिसले तर मीच नाव ठेवून मोकळा होतो.

मामंजी : तो कोण आला माझ्या पणतीचं नाव ठेवणारा?

एर्मेक : म्हणून म्हणतो, हा फोनच तिच्या कानाला लावतो. तुम्ही तिथून बोला. काम झालं.

मामंजी : तोंड न बघता? ह्या बटणांच्या फोनात दिसतं काय! अरे, शिंगरूसुद्धा मी आधी बघतो, मग नाव ठेवतो. ऐक, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय, बर्फ पडेपर्यंत हा उजवा डोळाही जाईल. रशियात, तुझ्या ओम्स्कला यायचं काही माझ्याच्यानं होणार नाही. दिसतंय तोवर एकदा तिचा चेहरा बघू दे. दुसरं काही मागत नाही मी.

सालकिन : पहाटेपासून नवी टोपी घालून त्या पडद्यासमोर बसलेत रे. चहालासुद्धा उठले नाहीत. मी पातेलंभर बोरसोक तळले, कणकेचे गोळे, ते गार झाले. काहीतरी कर बाबा.

एर्मेक : करतो. घाबरू नकोस, मशीन मेलेलं नाही. ते चित्र काढणारा एक प्रोग्राम असतो आत, तो उठला नाही इतकंच. बाकीचे सगळे उठलेत. दुकानात दिवसभर हेच तर करतो मी. शेवटच्या ओळीत काय लिहिलंय, वाच बघू.

सालकिन : थांब, चष्मा लावते. एल... ओ... पुढचं पट्टीखाली गेलंय.

एर्मेक : कसली पट्टी?

सालकिन : चिकटपट्टी.

एर्मेक : पडदा फुटलाय?

सालकिन : छे, छे.

मामंजी : फुटलाय म्हणून सांगितलं होतंस मला.

एर्मेक : आई?

सालकिन : मग काय करू? तू तिथं चित्राच्या खाली मामंजींचं नाव लिहून ठेवलंयस! हे एवढं ठळक! रोज उठून डोळ्यांसमोर. मी आपली लावली पट्टी. सुटली की नवी लावते.

एर्मेक : आई, तू म्हणजे... बरं, राहू दे. हसतो मी नंतर. आता ऐक. ते 'लॉगिन' म्हणतंय, म्हणजे कोण आलंय ते विचारतंय. चित्र नाही ना, म्हणून नाव टाइप करावं लागेल.

सालकिन : करते की. एस, ए...

एर्मेक : तुझं नाही! आजोबांचं. मशीन त्यांच्या नावानं केलंय मी. म्हटलं, आपलं आहे म्हणून खूश होतील.

सालकिन : मग झालंच.

एर्मेक : झालंच म्हणजे?

सालकिन : मी नाही टाकणार.

एर्मेक : बोलायचं नाहीये गं. नुसती बटणं दाबायचीत!

सालकिन : सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, मग लिहिणं काय नि बोलणं काय. ह्या घरात आल्यापासून ना बोलले, ना लिहिलं. रेशनच्या कागदावरसुद्धा तुझ्या बाबांकडून लिहून घ्यायची.

एर्मेक : मग बाबांना बोलव.

सालकिन : ते वर कुरणात, मेंढ्यांपाशी. तिथं फोन लागतो का? उन्हाळ्यात खाली राहतं कोण? म्हातारे, आणि त्यांना चहा करून द्यायला मी.

मामंजी : सरक, मी टाकतो. कुठाय ते अक्षरांचं फळकूट?

सालकिन : मामंजी, तुम्ही काल चहात मीठ म्हणून सोडा घातलात. बसा गप.

एर्मेक : आई, शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी कुऱ्हाडीचं चित्र दाखवलं. हे काय म्हणून विचारलं. मी छाती काढून म्हटलं, 'लाकूडफोडं'! अख्खा वर्ग लोळून हसला. का, तर आजोबांच्या नावात कुऱ्हाड आहे, म्हणून आमच्या घरात कुऱ्हाडीला कुऱ्हाड म्हणायचं नाही! तेव्हा सोसलं मी. पण आज माझ्या लेकीचं नाव अडलंय गं. असली कसली ही भीती?

सालकिन : भीती? भीती कोण म्हणालं?

मामंजी : मलाही तसंच वाटायचं, सूनबाई. मी आवाजाचा मोठा. म्हटलं, पोर भिते आपल्याला. कितीदा मनात आलं सांगावं, अगं, घे नाव, मी काही खात नाही. पण ते राहूनच गेलं.

सालकिन : तुम्हाला भ्यायचंय कशाला? मी आले तेव्हा मला धड काही येत नव्हतं. भाकरी करायला घ्यायची, एका बाजूनं जाळायची. सासूबाई बघायच्या. आणि तुम्ही जळकी बाजू मोडून स्वतःकडे घ्यायचात. वर म्हणायचात, मला अशीच आवडते.

मामंजी : आवडायचीच.

सालकिन : काही आवडायची नाही! चहात बुडवून बुडवून गिळायचात, दिसायचं मला. तेव्हा मी एवढीशी होते. माहेर डोंगरापलीकडे. तुम्हाला द्यायला माझ्यापाशी होतं काय? म्हणून ठरवलं, ह्या माणसाचं नाव आपल्या तोंडून असं जाता-येता खाली सांडायचं नाही. चालीरीत सगळ्यांचीच आहे, पण हल्लीच्या मुली सोडून देतात. मी नाही सोडली, ती माझ्या मनानं. प्रेमानं धरलंय हो मी ते. तुम्हाला भीती वाटली होय?

एर्मेक : आई...

सालकिन : तू गप रे जरा.

मामंजी : एवढी वर्षं एका घरात राहिलो, सूनबाई, आणि मला हे आज कळतंय. बरं केलंस सांगितलंस. खूप बरं वाटलं मला. आता माझं ऐकशील?

सालकिन : ऐकते.

मामंजी : मी भिंतीकडे तोंड करून बसतो. हा पोरगा एकेक अक्षर सांगेल. तू दाब. मी बघितलं नाही, तू केलं नाहीस. बाहेर कुणाला कळलं तर मी बघून घेईन.

सालकिन : तुमची मान अवघडेल.

मामंजी : पोरगी वाट बघतीये तिकडे. मी वळलोसुद्धा. चल.

एर्मेक : अक्षर न् अक्षर सांगू, आई?

सालकिन : हळू सांग. आणि सगळी एकदम म्हणू नकोस, एकेक तोडून सांग. मधे खोकलास तरी चालेल.

एर्मेक : बरं. पहिलं बी... दाबलंस?... आता ए... हं, एल... टी... पुन्हा ए... आता शेवटचा तुकडा, बी, ए, वाय. झालं. मोठं बटण दाब.

सालकिन : दाबलं. पासवर्ड म्हणतंय. तो येतो मला, घोड्याचं नाव आहे ते. पण काहीच उमटत नाही रे!

एर्मेक : तो दिसत नाही कधीच. टाक तू... काय आलं?

सालकिन : पुष्कळ काय काय आलं. खाली एक चौकोनी ठिपका लुकलुकतोय.

एर्मेक : शाब्बास! आत आलीस. आता डी, एफ एवढंच लिही आणि मोठं बटण. टक्के दिसतात का कुठे?

सालकिन : वळू नका हो मामंजी, ते वर अजून दिसतंय... हं, टक्के. शंभर.

एर्मेक : तरीच! अगं, जागाच उरली नाही. खोली गच्च भरली की दार उघडत नाही, तसं झालंय. म्हणून चित्र येत नाही. तू साठवलंयस काय एवढं?

सालकिन : मी काय साठवणार?

एर्मेक : आई.

सालकिन : तूच ते लाल बटण दाखवलं होतंस. दर रविवारी तू बोलतोस, ते मी ठेवून देते. मग आठवडाभर दूध तापवता तापवता बघते.

एर्मेक : सगळे रविवार?

सालकिन : सगळे.

एर्मेक : आता त्यातले थोडे उडवावे लागतील गं. जागा केल्याशिवाय ते उठणार नाही. मी आहे की अजून, पुन्हा बोलेन. पहिल्या वर्षाचे उडवू? जुने आहेत.

सालकिन : त्यांना हात लावायचा नाही! पहिल्या वर्षी तू रडायचास.

एर्मेक : मी कधी रडलो?

सालकिन : कॅमेरा वर करून छत दाखवायचास, म्हणायचास खोली बघ. तेवढ्यात नाक ओढायचास. आई आहे मी तुझी. गेल्या वर्षीचे उडव. 'पोटभर जेवतो, काळजी करू नको' वाले. थापा आहेत सगळ्या.

एर्मेक : बरं बाई. मी सांगतो तसं लिही. एकही अक्षर चुकवू नकोस, नाहीतर माझं रडणंही जाईल.

मामंजी : मी वळू का?

सालकिन : थांबा हो! हं, सांग रे... लिहिलं... हं... दाबलं. गेले?

एर्मेक : गेले. आता शेवटचं. रीस्टार्ट लिही, मागं पुढं मी सांगतो ते... दाब. आणि बघत राहा.

सालकिन : काळं झालं. ...अजून काळंच आहे. ...आला! घोडा आला! मामंजी, वळा, वळा! तुम्ही आलात!

मामंजी : मी कुठं गेलो होतो? पोरगी कुठाय?

एर्मेक : आई, घोड्यावर टिचकी मार, पासवर्ड टाक, मी व्हिडिओ लावतो. मुल्लाजी, थांबा, टोपी ठेवा खाली, आमचे आजोबा आले! बेगायिम, तिला इकडे आण. उजेडाकडे धर. आजोबा, दिसतेय?

मामंजी : सूनबाई, जरा बाजूला हो. ...दिसतेय. कपाळ आपल्याकडचं आहे. किती गं छोटी तू, बाळा. बरं झालं, दिसलीस मला. आता तिच्या कानापाशी आवाज लाव, एर्मेक.

(मामंजी पडद्याजवळ वाकून, नाव ठेवण्याआधी बाळाच्या कानात द्यायची अजान हळू आवाजात देतात.)

एर्मेक : आजोबा, आता नाव. काय ठरवलंयत?

मामंजी : ठरवलं होतं एक. ते राहू दे. सूनबाई, नाव तू ठेव.

सालकिन : मी? काहीतरीच काय! ते मोठ्यांचं काम.

मामंजी : मोठा मीच ना? मग मी सांगतोय. इतकी वर्षं माझ्यासाठी एक नाव गिळून बसलीस. आता एक तुझ्या तोंडून निघू दे, आणि ते ह्या घरात आयुष्यभर सगळ्यांनी हाक मारायचं असू दे. डोळे पूस आधी. पोरगी बघतेय.

सालकिन : बेगायिम, तुला चालेल ना गं?... बघ, मान हलवतीये. मग... मेरिम. मेरिम म्हणजे माया. तुझं नाव मेरिम.

एर्मेक : आई, काहीच ऐकू आलं नाही इकडे.

मामंजी : मोठ्यानं म्हण, सूनबाई. ओम्स्कपर्यंत जायचंय.